तीनशे बारापैकी तीनशे बारा

बोरीवली पश्चिमेच्या त्या सभागृहात रविवारी सकाळी नऊलाच मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. लग्नसराईत ज्या मंचावर नवरानवरी बसत, तिथे आज एक पांढरा पलंग मांडला होता आणि पलंगावर सात महिन्यांची एक गरोदर स्त्री डोळे मिटून पडली होती. शेजारी उभे होते दिव्यबीज साधना केंद्राचे संस्थापक, बीजाचार्य मधुकर महाराज. खाली रेशमी सोवळे, वर डॉक्टरचा पांढरा कोट. गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि तिच्यात गुंतलेला स्टेथोस्कोप. देवाला भिणाऱ्याने सोवळे पाहावे, आजाराला भिणाऱ्याने कोट पाहावा. रिकाम्या हाताने परत कोणीच जायला नको.

“सांगा, डीएनए म्हणजे काय?” महाराजांनी विचारले.

पहिल्या रांगेतला चष्मेवाला कोणीतरी ते लांबलचक इंग्रजी नाव उच्चारू लागला.

“बस, बस! जीभ मुरगळेल.” सभागृह हसले. “डी म्हणजे दैवी, एन म्हणजे नाद, ए म्हणजे अंश. दैवी नादाचा अंश! आपण शेतात बियाणं पारखून घेतो, म्हैस पारखून घेतो, आणि मूल? मूल मात्र जे होईल ते होईल! का? माणूस म्हशीपेक्षा स्वस्त झाला काय?”

टाळ्या पडल्या. महाराजांनी साबणाच्या वडीएवढे एक यंत्र त्या स्त्रीच्या पोटावर टेकवले, आणि ध्वनिक्षेपकातून एकाएकी घोडा दौडत यावा तसा आवाज घुमू लागला. मागच्या पडद्यावर आकडा उमटला: एकशे चव्वेचाळीस.

“हा बाळाचा जीव. ऐका, किती घाबरलाय! सात पिढ्यांचे दोष त्याच्या मानगुटीवर बसलेत. आता नाद देतो.”

महाराजांनी डोळे मिटले आणि खर्जात मंत्र लावला. कोटाची लांब बाही पोटावरून हळूहळू सरकत राहिली. घोड्याच्या टापा विरळ झाल्या, क्षणभर नुसती खरखर ऐकू आली आणि मग एक वेगळाच ठोका उमटला. तो संथ होता, सुस्त दुपारी कोणी उखळात कांडावे तसा. पडद्यावर शहात्तर.

“बाळ समाधीत गेलं!”

सभागृहाने एकच श्वास घेतला. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. मग पिवळे कपडे घातलेली दहाबारा गोजिरवाणी मुले मंचावर आली आणि महाराजांनी आपले ठरलेले वाक्य उच्चारले, “आठ वर्षांत या केंद्रात तीनशे बारा बाळं झाली. किती निर्दोष? तीनशे बारापैकी तीनशे बारा!”

अकराव्या रांगेत अनिरुद्ध बसला होता. एका बाजूला आई सुंदराबाई, दुसऱ्या बाजूला चौथा महिना लागलेली धाकटी बहीण माधुरी आणि तिच्या पलीकडे तिचा नवरा देवेश. सत्तावीस वर्षांचा अनिरुद्ध चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात एलईडी बल्ब तपासण्याचे काम करी, वाचनालयातून पुस्तके आणी आणि चारचौघांत क्वचितच तोंड उघडी. तो ठोका संथ झाला तेव्हा त्याच्याही अंगावर काटा आला होता. पुढे सगळे उघड झाल्यावरही ही गोष्ट त्याने स्वतःपासून लपवली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत ‘बीजपरीक्षा’ झाली. महाराजांनी शिंप्याची टेप घेऊन माधुरीचे डोके मोजले, देवेशचे मोजले. एका साधिकेने आकडे लिहून घेतले.

“घराण्यात कोणी मंद, मुकं, लुळं?”

सुंदराबाईंनी पदर सारखा केला. माधुरी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. देवेशच बोलला, “हिचे एक चुलते आहेत, महाराज. डाउन सिंड्रोम. सासूबाईंकडेच राहतात.”

महाराजांनी पेन खाली ठेवले. “बाळंतपण कुठे करणार?”

“माहेराक,” सुंदराबाई म्हणाल्या, आणि घाईने शुद्ध बोलू लागल्या. “माहेरीच. पहिलं माहेरीच असतं ना आमच्यात.”

“मग तो माणूस तिथे नको. गर्भवतीच्या डोळ्यांसमोर जे रूप, तेच रूप गर्भ उचलतो.”

“पण मी तर त्यांच्याच मांडीवर मोठी झाले,” माधुरी म्हणाली.

“म्हणूनच तर काळजी वाटते, बेटा.” महाराजांचा आवाज मधासारखा होता. “आमचा एक परिचित आश्रम आहे, मुरबाडच्या पुढे. हवा छान. आणि प्रवेश आज होणार नाही हं. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली की तो कागद आणा. गर्भ बीज धारण करायला सिद्ध आहे का, ते बघू. तोवर नाव पेन्सिलीनं लिहून ठेवतो.”

अनिरुद्धच्या घशात एक वाक्य आले होते. त्याच्या आयुष्यातली बहुतेक वाक्ये घशापर्यंत येत आणि तिथूनच माघारी फिरत. हेही फिरले.

धाकूकाका एक्कावन्न वर्षांचा होता. अनिरुद्धचे वडील सीताराम गिरणीत होते तेव्हापासून हा धाकटा भाऊ त्यांच्या घरी होता. गिरणी गेली, परळची खोली गेली, चारकोपच्या सेक्टरमध्ये तळमजल्यावरचे घर आले, तीन वर्षांपूर्वी सीताराम स्वतः गेले, काका होताच. रोज संध्याकाळी तो सोसायटीच्या फाटकाशी दगडी कठड्यावर बसे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला, आलास का या अर्थी, एकच प्रश्न विचारी, “इलंस?” उत्तर मिळाल्याशिवाय तो माणसाला सोडत नसे. त्यामुळे सगळ्या सोसायटीला एवढी मालवणी येऊ लागली होती. दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेठही बॅग सावरत म्हणत, “इलंय, धाकूभाई, इलंय.” मढहून पाटी घेऊन येणारी कोळीण मात्र आपल्याच बोलीत ठणकावे, “आयले रे बाबा, आयले!” मग काका समाधानाने मान डोलवी, जणू त्याने विचारल्यामुळेच ती माणसे सुखरूप पोहोचली होती.

त्याची एकच हौस होती. गाळ्यात नापास झालेले बल्ब अनिरुद्ध अधूनमधून घरी आणी. काका ते फडक्याने पुसून खिडकीत ओळीने मांडी. ते पेटत नसत. पण दुपारच्या उन्हात मात्र चमकत.

“आई, काकाला खरंच पाठवायचं?” त्या रात्री जेवताना अनिरुद्धने विचारले.

“माका काय तो जड झालो?” सुंदराबाईंनी पानातला भात चिवडला. “लगीन होऊन इलंय तेव्हा नऊ वर्षांचो होतो. माझो पदर धरून झोपायचो. पण माधुरीच्या पोराक कायतरी झाला, तर लोक माका जलमभर काय म्हणतले? आणि जावईबापू?”

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. लेकीला मायेची ऊब मिळावी म्हणून कोणे एके काळी पडलेली. तिच्यापायीच एका माणसाला स्वतःच्या घरातून उठावे लागणार होते, आणि त्याला घेऊन जायचे काम अनिरुद्धकडे आले, कारण काका दुसऱ्या कोणाचा हात धरून इतक्या लांब गेला नसता.

“काका, गावाक जावया,” अनिरुद्ध म्हणाला.

एवढे एक खोटे मात्र त्याच्या घशात अडकले नाही. काकाने पिवळा सदरा घातला. कापडी पिशवीत दोन कपडे, कंगवा आणि एक बल्ब ठेवला. गाडी जिथे थांबे तिथे तो खिडकीबाहेर डोकावून विचारी, “गाव इलो?” आश्रमाच्या फाटकाशी त्याने पहारेकऱ्याकडे पाहून मोठ्या उत्साहाने आपला नेहमीचा प्रश्न विचारला, “इलंस?” पहारेकरी मोबाइल पाहत होता. अनिरुद्धने कागदावर सही केली आणि मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते, तर पाऊल उचलले नसते.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दिसले की बाळाचे डावे पाऊल घोट्यातून आत वळलेले आहे.

सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर चेतनाताई राहत. मूळच्या वाशीमकडच्या, पालिकेच्या एका प्रसूतिगृहात वीस वर्षे परिचारिका. त्यांनी तो कागद उजेडात धरून दोनदा वाचला.

“एवढंच ना? अगं, अशी बाळं आमच्याकडे नेहमीच येतात. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत प्लास्टर सुरू करायचं. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं सरळ करत न्यायचं, कधी टाचेशी छोटीशी चीर द्यावी लागते, मग रात्रीचे बूट. बहुतेक पोरं पळतात, माधुरी. माझ्याहून जोरात पळतात. बाकी सगळं ठीक आहे असंच इथं लिहिलंय.”

केंद्रात मात्र, अनिरुद्धही सोबत असताना, तो कागद पाहिल्यावर महाराजांनी स्वतः खोडरबर घेतले. वहीतले पेन्सिलीचे नाव पुसले, कागदावरचा चुरा फुंकरीने उडवला आणि अर्ज देवेशच्या हाती परत दिला.

“गर्भ सिद्ध नाही. चुलत्याची सावली! आधीच म्हणालो होतो. अजून मुदत आहे, डॉक्टरांशी बोला. नवं बीज घ्या, मग या.”

चारकोपच्या घरी आल्यावर देवेश हलक्या आवाजात बोलत राहिला. तो दुष्ट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कोणीतरी छापील उत्तर दिले की तो ते सोडत नाही. “पुढच्या वेळी सगळं व्यवस्थित करू ना, माधुरी. हे काय शेवटचं आहे का? लंगडं पोर घेऊन आपण… लोकं काय बोलतील यार?”

“लोकं इथे राहणार आहेत का, माझ्या पोटात?” माधुरी म्हणाली. दोन्ही हात पोटावर ठेवून ती खिडकीतल्या बल्बांकडे पाहत बसली. त्यांच्यावर आता धूळ साचू लागली होती.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्ध गाळ्यात आपल्या टेबलाशी बसला होता. त्याचे काम सोपे. रॅकवर पेटलेल्या बल्बांतून जो लुकलुकतो तो काढायचा, निळ्या क्रेटमध्ये टाकायचा, उरलेले खोक्यात. मोजणी खोके भरल्यावर होई. खोक्यावर चिकटपट्टी: ‘शंभर टक्के निर्दोष’. माल उचलणारा खंडू दारात येऊन उभा राहिला.

“अनिरुद्धभाऊ, किती पास?”

“पाचशेपैकी पाचशे.”

“रोज आपलं पाचशेपैकी पाचशे!” खंडूने निळ्या क्रेटला पायाने ढोसले. “आणि ही जन्ता? ह्यांचं बारसंच नाय केलंत वाटतं?”

अनिरुद्धच्या हातातला बल्ब तसाच राहिला. गेली चार वर्षे तो दररोज हेच करत आला होता. आधी चाळायचे, मग मोजायचे, आणि मग सगळे निर्दोष निघाले म्हणून सांगायचे. पाचव्या महिन्याचा कागद. पेन्सिल. खोडरबर. तीनशे बारापैकी तीनशे बारा! महाराजांना मूल घडवण्यासाठी काहीच करावे लागत नव्हते. ज्यांची बाळे निरोगी असल्याचे सोनोग्राफीच्या यंत्राने आधीच सांगितले होते, तेवढीच शाईने लिहायची आणि त्यांचा जन्म झाला की श्रेय आपल्या मंत्राला द्यायचे.

संध्याकाळी त्याने हे चेतनाताईंना सांगितले. एवढे लांब तो बऱ्याच महिन्यांत बोलला नव्हता. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “आणि ती समाधी? पोटातल्या बाळाचा ठोका मिनिटाला एकशे दहा ते एकशे साठ. तो खरंच शहात्तरावर आला ना, तर आम्ही मंत्र नाही म्हणत. स्ट्रेचर घेऊन धावतो. तुझ्या महाराजांनी बाहीआडून यंत्र बाजूला सरकवलं. तिथं आईची स्वतःची मोठी धमनी असते. शहात्तर हा आईचा ठोका, बाबा. शिकाऊ पोरींकडून ही चूक होते, म्हणून आम्ही त्यांना पहिल्या दिवशी शिकवतो: कानाला ऐकू येत असताना आईचं मनगट धरा.”

मग त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवले. “वाच. हे काय आजचं नाही. जन्मावरून माणसाची प्रत ठरवतात, हे आमच्या घराण्याला कोणी नव्यानं सांगायला नको. पण तू वाच.”

तो पहाटेपर्यंत वाचत राहिला. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जत्रांत उत्तम गाई-डुकरांच्या स्पर्धांसोबत उत्तम कुटुंबांच्याही स्पर्धा होत आणि जिंकणाऱ्यांना पदके मिळत. तिथल्या कित्येक राज्यांनी कायदे केले आणि ‘मंद’ ठरवलेल्या साठ हजारांहून अधिक माणसांची मूल होण्याची शक्ती शस्त्रक्रियेने काढून घेतली. त्यांत पुष्कळांचा दोष एवढाच की ती गरीब होती. जर्मनीने तो धडा गिरवला आणि पुढे नेला. तिथे अपंगांना आणि मनोरुग्णांना गाड्यांत बसवून नेले, विषारी वायूने मारले आणि घरी खोट्या कारणांची पत्रे धाडली. पहिल्या दोन वर्षांतच सत्तर हजारांवर माणसे. गाडी यायची तेव्हा सांगत, दुसऱ्या ठिकाणी हलवतो आहोत. आणि हे सगळे परदेशातच घडले असेही नव्हते. तीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रात सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढली गेली होती, त्यांना न विचारता. सुप्रजा, शुद्ध बीज, उत्तम वंश. नावे सगळी सुंदर होती. चाळणीला सुंदरच नाव द्यावे लागते.

काका, गावाक जावया. त्याने पुस्तक मिटले.

पुढच्या रविवारी ती तिघे सभागृहात गेली: चेतनाताई, माधुरी आणि अनिरुद्ध. पलंगावर आज मानसी नावाची तरुणी होती; अनुभव सांगण्यासाठी तिच्या ओठांशी माइक लावला होता. घोडा दौडला, मंत्र झाला, बाही सरकली, ठोका संथ झाला. पडद्यावर ब्याऐंशी.

“बाळ समाधीत—”

“थांबा!”

हा आवाज आपला आहे हे अनिरुद्धला उभे राहिल्यावर कळले. शेकडो माना वळल्या.

“मला… एक विचारायचं होतं.”

“विचार ना, बेटा,” महाराज हसले. “लाजतोस काय? मुलगी बघायला आलायस?”

सभागृह खळखळून हसले. त्या हसण्यात त्याचे पुढचे वाक्य वाहून गेले असते, पण चेतनाताई त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि प्रसूतिगृहात लागतो तसल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मानसीताई, घाबरू नका. फक्त स्वतःचं मनगट धरा. अंगठ्याच्या खाली, असं. लागली नाडी? आता स्पीकरचा आवाज ऐका आणि सांगा.”

मानसीने डोळे उघडले. मनगट धरले. महाराजांचा हात हलायच्या आत तिच्या ओठांशी असलेल्या माइकमधून तिचा स्वर सभागृहभर पसरला, “अय्या… हे तर माझंच वाजतंय.”

अनिरुद्धला वाटले, झाले. आता सगळे उठतील. सत्य उघडे पडले की माणसे उठतात, अशी त्याची पुस्तकी समजूत होती.

“ऐकलंत?” महाराजांनी दोन्ही हात उंचावले. यंत्र बंद झाले होते. “ऐकलंत काय म्हणाली? माझंच वाजतंय! आई आणि बाळ एकरूप झाले! दोन ठोक्यांचा एक ठोका! अहो, यालाच तर समाधी म्हणतात!”

आणि टाळ्या पडल्या. आधी तुरळक, मग कडकडून.

“मग यंत्र पुन्हा मधे ठेवा ना!” चेतनाताई ओरडल्या. “घोडा तिथंच पळत असेल!”

टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेले नाही. दोन स्वयंसेवक रांगेत शिरले. अनिरुद्धने खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि उरलेला सगळा श्वास एका प्रश्नात घातला. “तीनशे बारा बाळं झाली. अर्ज किती जणींनी भरले होते?”

महाराजांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि अभिमानाने उत्तर दिले, “अपात्रांची नोंद आम्ही ठेवत नाही.”

“ऐका! त्यांनी स्वतःच सांगितलं!” अनिरुद्ध म्हणाला. “मी बल्ब तपासतो. खराब आधी काढतो, मग मोजतो, म्हणून माझेही शंभर टक्के पास होतात. यांनी एकही बाळ सुधारलेलं नाही. सोनोग्राफीत जे चांगलं दिसलं तेवढंच घेतलं. माझ्या बहिणीचं नाव माझ्यासमोर खोडरबरानं पुसलं. ज्यांची पुसली त्यांना विचारा…”

“बस खाली रे!” “फुकटचा शहाणा!” “आमची श्रद्धा आहे, तुझ्या बापाचं काय जातं?” एक वयस्कर गृहस्थ तर समजुतीने म्हणाले, “असेल हो तुमचं खरं. पण एवढं केलं की मनाला बरं वाटतं ना. तेही नको?”

माधुरीला धक्का लागू नये म्हणून ती तिघे स्वतःच बाहेर पडली. जिन्यावर मागून चपलांचा आवाज आला. साडीचा पदर घट्ट लपेटलेली एक बाई धापा टाकत उतरली आणि माधुरीचा हात धरून कुजबुजली, “आमचाही अर्ज परत आला होता. बाळाचा ओठ दुभंगलेला म्हणून. मी… मी ऐकलं त्यांचं.”

चेतनाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो ओठ शिवता आला असता, हे त्यांच्या जिभेवर आलेले वाक्य त्यांनी गिळले. ते सांगून आता कोणाचे भले होणार होते? बाई पुन्हा जिना चढून आत गेली. तिचा नवरा आत बसला होता. त्यांना दुसऱ्या खेपेसाठी नाव घालायचे होते.

पोलीस चौकीत अधिकाऱ्याने चहा पाजला आणि विचारले, “सक्ती केली का? मारलं का? मंत्र म्हटला, अर्ज परत दिला. मी लिहू काय?”

दुसऱ्याच दिवशी अनिरुद्ध मुरबाडला गेला. सात आठवडे झाले होते. काकाचे केस भादरले होते. पिवळा सदरा कोणा दुसऱ्याच्या अंगात होता. मारहाणीची खूण कुठेही नव्हती; व्यवस्थापक ते पुनःपुन्हा सांगत होता आणि ते खरेच असावे. “पहिले पंधरा दिवस सारखं काहीतरी विचारायचा. आम्हाला भाषा समजेना. मग आपोआप गप्प झाला. आता काही त्रास नाही त्याचा.”

काका भिंतीकडे तोंड करून बसला होता. अनिरुद्ध त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि आयुष्यभर काका जो प्रश्न विचारत आला त्याचे उत्तर त्याने आज न विचारताच दिले, “इलंय, काका. मी इलंय.” काकाने त्याच्याकडे पाहिले. ओळखले. आणि काही न विचारता उठून आपली पिशवी घेतली. परतीच्या वाटेत त्याने एकदाही खिडकीबाहेर डोकावले नाही.

माधुरीला मुलगी झाली. नाव गार्गी. माहेरीच झाली, रीतीप्रमाणे. आठव्या दिवशी पायाला पहिले प्लास्टर लागले. आता सहावे आहे, आणि पाऊल जवळजवळ समोर पाहू लागले आहे. देवेश बारशाला आला होता. मुलीला मांडीवर घेतले तेव्हा त्याचे डोळे भरले; पण प्लास्टरवर दुपटे ओढल्यावरच त्याने फोटो काढू दिला. केंद्र आता मोठ्या सभागृहात गेले आहे. फलकावर आकडा तीनशे चाळीस आहे. अर्थात तीनशे चाळीसपैकी.

अनिरुद्धने एक कागद लिहून सोसायटीच्या फळ्यावर लावला. कोणीतरी तो फाडतो. तो दर रविवारी पुन्हा लावतो. कागदावर एवढेच आहे:

‘कोणी तुम्हाला पोटातल्या बाळाची समाधी ऐकवली, तर आईचे मनगट धरून पाहा. कोणी म्हणाले, आमच्याकडे सगळी बाळे निर्दोष होतात, तर विचारा, दारातून परत किती पाठवली. बाळात काही दिसले तर महाराजांना दाखवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पुढे काय करायचे ते त्या बाईला ठरवू द्या. माणूस पाखडून घ्यायचे सूप ज्याच्या हातात असते, तो स्वतःला कधी त्यात घालत नाही, एवढे लक्षात ठेवा. विश्वास ठेवण्याआधी एक प्रश्न विचारा. आम्ही विचारला नाही. तळमजल्यावरच्या आमच्या घराची घंटा वाजली की एक माणूस आपली पिशवी उचलतो आणि दाराआड जाऊन उभा राहतो. त्याला वाटते, न्यायला आले. त्याला कोणत्याही महाराजाने नेले नव्हते. मी नेले होते.’